आम्ही बिनसाखरेचा घेतो

चष्मेवाल्यांनी ग्लास नाकाशी नेला, डोळे मिटून दोन लांब श्वास घेतले, आणि मग तो तसाच, एक थेंबही न पिता, शेजारी बसलेल्या दातांच्या डॉक्टरांपुढे सरकवला.

"काय हो, आवडली नाही?" डॉक्टरांनी विचारलं. त्यांचा स्वतःचा ग्लास केव्हाच रिकामा झाला होता.

"छान आहे. धुराचा वास मस्त आहे. पण आम्हाला वासच पुरतो."

व्हिस्कीच्या कारखान्यातली ती खोली लांबट आणि गार होती. मधोमध जाड फळ्यांचं टेबल, त्यावर प्रत्येकापुढे तीन-तीन ग्लास. पलीकडच्या भिंतीआड शेकडो पिंपं अंधारात नुसती पडून होती. एप्रन घातलेला तिथला माणूस सांगत होता की आधी नाक, मग जीभ, मग घसा. घाई करायची नाही, कारण पिंपांनी बारा वर्षं घाई केलेली नाही. हे वाक्य तो रोज चार वेळा म्हणत असणार, पण त्याला त्याचा कंटाळा आलेला दिसत नव्हता.

टेबलाच्या टोकाला नणंद-भावजय बसल्या होत्या. सहलीत माणसं आठच, त्यामुळे कोण कोणाचं कोण हे पहिल्या तासातच सगळ्यांना कळलं होतं. या दोघींचं तर बस सुटायच्या आधीच, कारण नणंद दर वाक्याला "वहिनी" म्हणायची आणि पुढचं वाक्य मात्र शाळकरी मुलीला दटावल्यासारखं टाकायची.

"ऐकलंत ना वहिनी? 'आम्हाला' वासच पुरतो म्हणे. बसमध्येही तेच. 'आम्ही खिडकीशी बसतो.' 'आम्ही लवकर उठतो.' सोबत तर कोणी दिसत नाही. म्हणजे राजेसाहेबच म्हणायचे की!"

नणंदेची कुजबुज ही कुजबुज म्हणून सुरू व्हायची एवढंच. ती टेबलभर ऐकू गेली. एकाच कचेरीतून एकाच वर्षी निवृत्त झालेले तिघे मित्र, ज्यांना सगळे कचेरीवाले म्हणत, ते एकदम हसले. एकाने तर उठून, कमरेत वाकून, "हुकूम, राजेसाहेब," असं म्हटलंही.

चष्मेवालेही हसले. त्यांनी चष्मा काढला, रुमालाने पुसला, उजेडाकडे धरून पाहिला आणि परत घातला. काच आधीही स्वच्छच होती.

त्या दुपारपासून ते राजेसाहेब झाले ते झालेच.

खरं काय ते सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण ते वाक्य त्यांनी अजून कोणालाच सांगितलं नव्हतं. ज्यांना माहीत होतं ते आधीच माहीत असलेले लोक होते. बायकोला जाऊन आठ महिने झाले होते. एकतीस वर्षं चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाइकाला ते सांगत आले, "आम्ही सोमवारी बंद असतो," आणि घरी फोन आला तर, "आम्ही आत्ताच जेवलो." दुकान त्यांचं एकट्याचं, फोनवर बोलणारेही ते एकटे, पण शब्दात दोघं मावायची. ती गेल्यावर तो शब्द काही कोणी परत मागायला आलं नाही. तो तसाच त्यांच्याकडे राहिला.

या सहलीचं बुकिंग तिनेच केलं होतं, दीड वर्षापूर्वी. एका आठवड्यात तीन व्हिस्कीचे कारखाने, एक दिवस गोल्फ, आणि मधल्या वेळात डोंगर, तळी, दऱ्या. व्हिस्की तिला आवडायची. शनिवारी संध्याकाळी एकच पेग, तोही तासभर पुरवून. गोल्फही तिचाच. सहलीच्या कचेरीतून शेवटचा फोन आला तेव्हा चष्मेवाले म्हणाले, "हो, आम्ही येतोय." पलीकडची मुलगी गोंधळली. "म्हणजे दोघं? इथे तर एक नाव रद्द दिसतंय." "एकच," ते म्हणाले. "एकच येतोय आम्ही."

व्हिस्कीनंतर बाहेरच्या पडवीत गाईडबाई चहा देत होत्या. चाळिशीच्या, आखूड केसांच्या, गळ्यात शिट्टी. माणसं मोजायची त्यांची एक पद्धत होती: प्रत्येकाकडे बघून मान किंचित हलवायची, तोंडाने आकडा म्हणायचा नाही. पहिल्या दिवशी बसच्या दाराशी त्या अशाच मोजत असताना डॉक्टरांच्या बायकोने, म्हणजे डॉक्टरीणबाईंनी, चष्मेवाल्यांना विचारलं होतं, "वहिनी नाही आल्या?" आणि ते म्हणाले होते, "नाही जमलं तिला." गाईडबाईंची मान तिथेच थांबली होती. मग त्यांनी पहिल्यापासून पुन्हा मोजायला घेतलं. आठच तर होते.

"काका, साखर?" त्यांनी आता विचारलं.

"नको. आम्ही बिनसाखरेचा घेतो."

"बरं," गाईडबाई म्हणाल्या, आणि कप देताना त्यांच्याकडे बघितलं नाही.

लग्नाआधी चष्मेवाले दोन चमचे साखर घ्यायचे. ती बिनसाखरेचा प्यायची. पहिल्याच आठवड्यात तिने विचारलं, "दोन माणसांच्या चहाला दोन भांडी? घासणार कोण?" तो प्रश्न नव्हता हे त्यांना तेव्हाही कळलं. महिनाभर त्यांना नुसतं गरम पाणी प्यायल्यासारखं वाटलं. पुढे वाटेनासं झालं, की सांगायचं राहून गेलं, ते त्यांनाच ठाऊक नव्हतं.

हॉटेलात सगळीकडे दोघांचंच असे. दोन टॉवेल, दोन साबणाच्या वड्या, दिव्याशेजारी पालथे घातलेले दोन कप. चष्मेवाले एकच कप सुलटा करायचे. पलंगाच्या डाव्या कडेला झोपायचे, आणि सकाळी उजव्या बाजूची चादर हाताने सारखी करायचे, जरी ती विस्कटलेली नसे. मग ते खाली जाऊन सगळ्यांच्या आधी बसमध्ये बसायचे. खिडकीशी ते, आणि शेजारच्या सीटवर त्यांची टोपी.

तिसऱ्या दिवशी बस तळ्याच्या काठाकाठाने चालली होती. पाणी इतकं स्थिर होतं की डोंगर दोनदा दिसत होते. डॉक्टर सीटच्या पाठी धरत धरत मागे आले. भला मोठा माणूस, आवाजही तसाच. तोंडात बोटं असलेल्या पेशंटशी आयुष्यभर एकतर्फी बोलून बोलून त्यांना उत्तराची वाट बघायची सवयच राहिली नव्हती.

"राजेसाहेब, उद्याचं ठरवायला आलोय. गोल्फ. मी विरुद्ध हे कचेरीवाले. त्यांच्यातल्या एकाचा गुडघा गेलाय, म्हणजे ते दोघं. मला एक जोडीदार हवा. बसच्या पोटातून तुमची ती बॅग निघताना बघितली मी. खेळता ना?"

"आम्ही दर सोमवारी खेळतो," चष्मेवाल्यांच्या तोंडून निघून गेलं.

"किती वर्षं?"

"एकोणीस."

"एकोणीस!" डॉक्टर बसभर ओरडले. "आणि तीन दिवस तोंड मिटून बसलात! ऐकलंत का रे कचेरीवाले? एकोणीस वर्षं! बाटली तयार ठेवा. हरणाऱ्याने जिंकणाऱ्याला त्या धुराच्या वासाची बाटली द्यायची, ठरलं."

"अहो, पण तसं नाही," चष्मेवाले म्हणाले.

"नम्रपणा नको. राजाला शोभत नाही."

डॉक्टर गेले. चष्मेवाल्यांनी टोपी उचलली, मांडीवर घेतली, परत सीटवर ठेवली.

एकोणीस वर्षं हे खरं होतं. बायको गोल्फ क्लबच्या कचेरीत टायपिस्ट होती, आणि तिथल्या नोकरांना सोमवारी सकाळी, मैदान रिकामं असताना, खेळायची परवानगी होती. चव्वेचाळिसाव्या वर्षी तिने पहिल्यांदा स्टिक हातात धरली. ती बुटकी होती, पण चेंडू असा सरळ जायचा की बघत राहावं. आणि चष्मेवाले बघतच राहायचे. बॅग त्यांच्या खांद्यावर असायची. तिने मारायचं, त्यांनी चेंडू कुठे पडतो ते बघायचं. "तुझ्या डोळ्यांचा एवढा तरी उपयोग," ती म्हणायची. एकोणीस वर्षांत त्यांनी तिचे चार चेंडू हरवू दिले, आणि त्यातला एक तळ्यात गेला होता, तो काही धरायचा नाही. स्वतः त्यांनी एकदाही स्टिक फिरवली नव्हती. तरी सोमवारी दुपारी कोणी विचारलं की दोघंही म्हणायची, "आम्ही खेळून आलो."

आता हे डॉक्टरांना सांगायला हवं होतं. त्यात काही कठीण नव्हतं. कठीण ते पुढचं होतं. कारण खेळायची ती, असं म्हटलं की ती कुठे आहे, हे आलंच.

बस वळणावर थांबली. तिथे कठडा होता, खाली दरी, समोर धबधबा, आणि वारा असा की बोललेलं वाक्य ऐकणाऱ्यापर्यंत अर्धंच पोचायचं. फोटोसाठी सगळे कठड्याशी उभे राहिले. भावजय फोटो काढत होती. ती फारशी बोलायची नाही, बहुतेक नणंद दोघींचं बोलून टाकायची म्हणून.

"राजेसाहेब, जरा आत सरका," ती म्हणाली. "तुमच्या उजवीकडे जागा राहिलीय."

"असू दे. आम्ही बरे आहोत असेच."

भावजयीने कॅमेरा डोळ्यांवरून खाली घेतला. त्या मोकळ्या जागेकडे पाहिलं. एक माणूस बरोबर मावेल एवढी होती ती. मग तिने फोटो काढला.

दुसऱ्या दिवशी न्याहारीआधीच चष्मेवाल्यांनी खोलीत बॅग उघडली. स्टिकांच्या डोक्यांवर लोकरीच्या टोप्या होत्या, तिने उरलेल्या लोकरीतून विणलेल्या. एक निळी, एक पिवळी, आणि एक करडी, त्यांच्याच जुन्या स्वेटरची. त्यांनी करडी काढली. स्टिक दोन्ही हातांत धरली, आरशासमोर उभे राहिले, ती उभी राहायची तसे गुडघे थोडे वाकवले. आरशात एक उंच म्हातारा हरवलेलं नाणं शोधत असल्यासारखा वाकलेला दिसत होता. त्यांनी अगदी हळू स्टिक मागे नेली. चहाचा ट्रे, दोन कपांसकट, खाली आला.

दार वाजलं. गाईडबाई होत्या, न्याहारीला सगळ्यांना हाका मारत निघालेल्या. त्यांनी आधी फुटलेले कप पाहिले, मग स्टिक, मग चष्मेवाल्यांना.

"लागलं नाही ना, काका?"

"नाही, नाही. कप मात्र गेले."

गाईडबाई खाली बसून तुकडे गोळा करू लागल्या. चष्मेवालेही बसले. दोघांनी थोडा वेळ तुकडे वेचले.

"मी डॉक्टरांना सांगू का, की तुमची पाठ धरलीय?" बाई खालीच बघत म्हणाल्या. "रोज कोणाची ना कोणाची धरतेच. कोणी काही विचारणार नाही."

चष्मेवाल्यांनी हातातला तुकडा परत खाली ठेवला.

"तुमचा फॉर्म माझ्याच हाताखालून गेलाय," त्या म्हणाल्या. "नवव्या नावावर रेघ मारली तीही मीच."

"मग बोलला नाहीत ते?"

"तुम्ही बोलला नाहीत म्हणून."

चष्मेवाल्यांनी तुकडे वर्तमानपत्रात गुंडाळले. पुडी इतकी नीट बांधली, जशी नव्या चष्म्याची बांधावी.

"नका सांगू डॉक्टरांना," ते म्हणाले. "येतो आम्ही."

मैदान डोंगराच्या कुशीत होतं. रात्री दव पडलेलं, गवतावर माणसांच्या पावलांचे गडद ठसे उमटत होते. पलीकडे लाकडी शेड होती. तिच्या ओसरीत नणंद, डॉक्टरीणबाई आणि गुडघा गेलेला तिसरा कचेरीवाला खुर्च्या टाकून बसले. नणंदेने भावजयीला फोटो काढायला खेळणाऱ्यांबरोबर पिटाळलं होतं.

"पहिला मान राजेसाहेबांना," डॉक्टर म्हणाले.

चष्मेवाल्यांनी लाकडी खुंटी मातीत रोवली, तिच्यावर चेंडू ठेवला. इथपर्यंत त्यांना येत होतं; हजार वेळा केलं होतं. मग ते चेंडूशेजारी उभे राहिले, आणि पहिल्यांदाच त्यांच्या लक्षात आलं की इथून चेंडू किती लहान दिसतो. ते नेहमी बाजूला, चार पावलं मागे उभे असत.

पहिल्या वेळी स्टिक हवेतून गेली. चेंडू जागच्या जागी.

"सराव, सराव," डॉक्टर म्हणाले.

दुसऱ्या वेळी मातीचा ढेपळा उडाला. कचेरीवाल्यांतला एक हसला आणि दुसऱ्याने त्याला कोपराने ढोसलं. तिसऱ्या वेळी चेंडू खुंटीवरून घरंगळला, दहा पावलं गेला आणि गवतात थांबला. कोणीच हसलं नाही. ओसरीतून नणंदेचा आवाज आला, "काय झालं? मारला का?"

डॉक्टर जवळ आले. त्यांनी स्टिकवरून बोट फिरवलं, तिची उंची चष्मेवाल्यांच्या कमरेशी लावून पाहिली.

"राजेसाहेब, हा सेट बायकांचा आहे हो."

"हो. तिचाच आहे."

"पण तुम्ही तर म्हणालात, एकोणीस वर्षं..."

"आम्ही एकोणीस वर्षं," चष्मेवाले म्हणाले. "म्हणजे, खेळायची ती. मी नुसता बघायचो."

भावजयीने कॅमेरा बंद केला. त्याचा लहानसा आवाज झाला.

"मग आता नाही खेळत?" डॉक्टरांनी विचारलं. त्यांचा तो प्रश्न अगदी सरळ होता.

चष्मेवाल्यांनी करडी टोपी स्टिकवर चढवली. ती नीट बसेना. लोकर थोडी आटली होती.

"आठ महिने झाले तिला जाऊन."

डॉक्टरांनी डोक्यावरची टोपी काढली. मग ती काढून करायचं काय हे न सुचल्यामुळे परत घातली. "अहो, पण बसपाशी आमच्या हिने विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात..."

"नाहीच जमलं तिला," चष्मेवाले म्हणाले. "बुकिंग तिनेच केलं होतं. पण नाही जमलं."

दोन्ही कचेरीवाले आपापल्या बुटांकडे बघत उभे होते, जणू तिथे काहीतरी लिहिलेलं होतं.

चष्मेवाले बॅग खांद्याला लावून शेडकडे निघाले. चार पावलं गेले असतील, तोच डॉक्टर मागून आले, आणि त्यांचा हात धरून, पहिल्यांदाच हळू आवाजात बोलले.

"बघायचात म्हणजे नक्की काय करायचात?"

"चेंडू कुठे पडला ते सांगायचो."

"किती लांबचं?"

"जाईल तिथवरचं."

डॉक्टरांनी एकदा ओसरीकडे पाहिलं, बायको आपल्याकडे बघत नाही ना याची खात्री केली. "मला शंभर पावलांपुढचं दिसत नाही हो. मारतो अन् देवाचं नाव घेतो. घरी सांगितलेलं नाही. दवाखाना बंद करायला लावतील."

"मोतीबिंदू आहे," चष्मेवाले म्हणाले. "उजव्यात जास्त. त्या व्हिस्कीच्या कारखान्यात ग्लास उजेडाकडे वळवून किती भरलाय ते बघत होतात, तेव्हाच कळलं. फार काही नाही, लहानसं ऑपरेशन असतं. पण वर्ष घालवू नका."

"बघाल का आज माझ्यासाठी?"

चष्मेवाल्यांनी बॅग खाली ठेवली. डॉक्टरांच्या उजव्या बाजूला, चार पावलं मागे जाऊन उभे राहिले.

डॉक्टरांनी मारला. चेंडू वर गेला, ढगाच्या पांढऱ्यात मिसळला, सगळ्यांच्या नजरेतून सुटला. चष्मेवाल्यांची मान मात्र त्याच्याबरोबर सावकाश वळत गेली आणि थांबली.

"दुसऱ्या झुडपाच्या अलीकडे. तीन पावलं डावीकडे. गवत उंच आहे, पण वरच आहे."

तो तिथेच होता.

अर्धं मैदान ते असे चालले. डॉक्टर मारत, चष्मेवाले सांगत. दोघांच्या जोडीचे फटके डॉक्टरांनी एकट्यानेच मारले आणि कचेरीवाल्यांनी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. नियमाने बघितलं तर काढायला हवा होता. एकही चेंडू हरवला नाही. एकदा चेंडू सुंदर गेला, अगदी सरळ, आणि चष्मेवाल्यांच्या तोंडून "वा गं!" निघालं. डॉक्टरांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि दुसरी स्टिक काढायला बॅगेत वाकले, ते बराच वेळ वाकूनच राहिले.

चहासाठी सगळे शेडमध्ये परत आले तेव्हा बातमी त्यांच्या आधी पोचली होती. भावजयीने नणंदेच्या कानात काहीतरी सांगितलं असावं, कारण नणंद खुर्चीतून उठून उभी होती, आणि उभी राहून करायचं काय हे तिला कळत नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी चष्मेवाल्यांसाठी सावलीतली खुर्ची ओढली. एका कचेरीवाल्याने बिस्किटांची बशी पुढे केली. दुसऱ्याने त्यांची बॅग त्यांच्या हातातून घेऊन भिंतीला अशी टेकवली, जशी काचेची असावी. कोणी "हुकूम" म्हटलं नाही. सगळे हळू बोलत होते, आणि मधेच त्यांच्याकडे बघून थांबत होते.

"मी आपलं गंमत म्हणून हो," नणंद शेवटी म्हणाली. तिचा आवाज ओळखू येईना. "तोंडाला टाकेच घालायला हवेत माझ्या. वहिनी नेहमी म्हणतात."

"मी कुठे काही म्हणते," भावजय म्हणाली.

"चांगलं होतं ते नाव," चष्मेवाले म्हणाले. "आवडलं होतं."

होतं, असं ते म्हणाले, हे त्यांनाच ऐकू आलं. कालपर्यंत या लोकांत ते राजेसाहेब होते. हसण्यातले, ओढून नेण्यातले. आता बशी आधी त्यांच्यापुढे येत होती. तीन दिवस टोपी ठेवून राखलेली जागा आता सगळ्यांनाच दिसत होती, आणि सगळे तिला वळसा घालून चालत होते.

गाईडबाई किटली घेऊन आल्या. एकेकाच्या कपात ओतत त्यांच्यापाशी पोचल्या, आणि थांबल्या. त्या पहिल्या चहानंतर त्यांनी कधी विचारलं नव्हतं. त्यांना पाठ झालं होतं. आज त्यांनी विचारलं.

"काका, साखर?"

चष्मेवाल्यांनी वर पाहिलं. सगळे आपापल्या कपात बघत होते.

"दोन चमचे," ते म्हणाले.

गाईडबाईंनी दोन चमचे घातले. चष्मेवाल्यांनी ढवळलं. साखर विरघळली तरी ढवळत राहिले. मग कप उचलला, आधी नाकाशी नेला आणि एक घोट घेतला.

गोड होता. जिभेला चिकटणारा, घशाशी थांबणारा, लहान मुलांच्या औषधासारखा गोड. एकतीस वर्षांपूर्वी असाच प्यायचे ते, रोज दोनदा, आवडीने. त्यांनी आणखी एक घोट घेऊन पाहिला. तो माणूस कुठे सापडतोय का म्हणून जरा थांबले. समोर मैदान मोकळं पडलं होतं. दव उडून गेलं होतं आणि सकाळचे पायांचे ठसे आता कुठेच दिसत नव्हते.

त्यांनी कप हलकेच बशीत ठेवला.

"बाई, एक काम कराल? हा बदलून द्या."

"का हो काका? जास्त झाली का साखर?"

"नाही, साखर बरोबर आहे," चष्मेवाले म्हणाले. "मी बिनसाखरेचा घेतो."